स्पेस-फौजेच्या आरपीजीत कंपनी कमांडरसाठी अर्ज भरून राहिलो, नेमकं काय लिहू?

गोकुळपेठचा_गनर

राजेहो, जरा मदत पाहिजे होती. आम्ही पोट्टे डिस्कॉर्डवर एक मिलिटरी साय-फाय आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, ज्यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं) खेळतो, सगळं टेक्स्टमध्ये, ज्याला जेव्हा वेळ मिळन तेव्हा त्यानं आपल्या पात्राची पोस्ट टाकायची. निम्मे नागपूरचे, काही पुण्याला जॉबवर गेलेले, एक जर्मनीत शिकून राहिला. नियम ट्रॅव्हलर नावाच्या गेमचे पण दुनिया आमच्या जीएमनं (गेम मास्टर, गेम चालवणारा) स्वतः उभी केलेली. हवा नसलेल्या एका चंद्रावर खाणकामगारांची वस्ती आहे, तिच्या रक्षणाला आमची एक इन्फंट्री कंपनी, अन् वरून रसदेची यानं येतात ती सुखरूप उतरवून घ्यायची. एवढीच गोष्ट, पण लय रंगलेली.

आता झालं असं का जो दादा कंपनी कमांडर खेळायचा त्याचं लग्न ठरलं, वरून नाइट शिफ्ट लागली, त्यानं हात जोडले. मंग जीएमनं नोटीस टाकली का ज्याला कमांडर व्हायचं त्यानं रविवार रात्रीपर्यंत रीतसर अर्ज द्यावा, दोस्तीखात्यात पोस्ट मिळणार नाही. फॉर्ममध्ये पात्राचं सर्व्हिस रेकॉर्ड मागितलंय, एक नमुना सीन, हप्त्यात किती वेळ देणार ते, अन् खाली तीन प्रसंग दिलेत, तुम्ही कमांडर असता तर काय केलं असतं म्हणून. एक, ऐन लढाईत एक खेळाडू गायब झाला, फोनही उचलत नाही. दुसरा, एक सेक्शन कमांडर तुमची ऑर्डर तोंडावर नाकारतो. तिसरा, हेडक्वार्टरचा हुकूम आला का जागा सोडू नका, पण तो हुकूम तिकडून निघाला तेव्हाची परिस्थिती अन् आताची परिस्थिती यात जमीन-अस्मानाचा फरक पडलाय.

माझं पात्र सध्या हवालदार आहे, कॉलसाइन ‘लोखंडी’. डाउट असा का हवालदाराला डायरेक्ट कॅप्टन करणं शोभन का? अन् अजून एक जण अर्ज करून राहिलं असं ऐकलं, त्याचं लिखाण म्हणे माझ्यापेक्षा कितीतरी भारी, त्याच्यासमोर माझा निभाव कसा लागन. नमुना सीन असा लिहिलाय, बिनधास्त धुवा:

“धुराच्या लोटातून लोखंडी उभा राहिला. त्याच्या खांद्यातून रक्ताची धार लागली होती. मागे जवान हतबल होऊन पडले होते. ‘एकही पाऊल मागे नाही!’ तो गरजला. त्याच्या आवाजाने दरी दणाणली. पुढच्या क्षणी त्याने एकट्याने शत्रूच्या तिन्ही तोफांवर झेप घेतली आणि त्या कायमच्या शांत केल्या.”

तर्री_मारके

भाऊ पयले एक प्लेट तर्री पोहे खा अन् शांतपणे विचार कर का तुले कमांडर काहून व्हायचं आहे. मी एका ग्रुपमध्ये होतो तिथं कमांडरचं काम काय, तर दिवसभर लोकांच्या पोस्ट वाचा, कोण कुठं उभा आहे त्याचा नकाशा अपडेट करा, अन् भांडणं सोडवा. गोळी चालवायला मिळतच नाही. हवालदाराले खरी मजा आहे, हाताखाली आठ-नऊ माणसं, समोर दुश्मन, अन् शिव्या घालायले वर कमांडर. ती सोडून कायले टेबलावर बसतं बे?

व्हॅक्यूम_पोलीस

धुवा म्हणालास म्हणून धुतोय, राग मानू नकोस.

चंद्राला हवा नाही असं तूच वर लिहिलंस, मग धुराचे लोट कशाचे? हवा नसेल तर स्फोटात उडालेली धूळ तरंगत राहत नाही, प्रत्येक कण फेकलेल्या दगडासारखा वर जातो आणि सरळ खाली येतो, ढग होतच नाही. दरी दणाणायला आवाज जाणार कशातून? गरजला तर हेल्मेटमधल्या रेडिओवर गरजला, म्हणजे सगळ्यांच्या कानात एकाच आवाजात, जवळचा-लांबचा फरक नाही. आणि हे मला भारी वाटलं असतं बघ, की बाहेर पूर्ण शांतता आहे, तोफेचा गोळा पडला हे फक्त बुटांच्या तळव्याला कळतं. खांद्यातून रक्ताची धार लागली म्हणजे सूटला भोक पडलं, तेव्हा रक्तापेक्षा आधी प्रेशरची काळजी. पॅच मारायला कुणीतरी धावायला पाहिजे. तो कुणीतरी म्हणजे तुमच्या ग्रुपमधला मेडिक खेळणारा खेळाडू, त्याला तू या सीनमध्ये हतबल करून झोपवून ठेवलंयस.

माझा खरा आक्षेप हाच आहे, फिजिक्स तर दुरुस्त होईल. तिन्ही तोफा तू एकट्याने शांत केल्यास, मग बाकीच्यांनी पुढची पोस्ट काय लिहायची, टाळ्या?

गोकुळपेठचा_गनर

😅 मेडिकवाला खरंच चिडला असता. पण मंग कमांडर शूर दिसन कसा? जीएमला इम्प्रेस तर करायचंच आहे ना बाप्पा.

पडद्यामागचा_जीएम

मी गेली काही वर्षं एक गेम चालवतोय, आमच्यात जहाज आहे आणि कॅप्टनची जागा रिकामी झाली की आम्हीपण असेच अर्ज घेतो, त्यामुळे टेबलाच्या या बाजूनं सांगतो की वाचणारा काय बघतो, तुमचा जीएम वेगळा असू शकतो पण फार नसणार.

मी नमुना सीन सगळ्यात शेवटी वाचतो. आधी वेळेचा रकाना. तिथं ज्यानं ‘रोज, कधीही, चोवीस तास’ असं लिहिलंय त्याच्या नावावर मी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढतो, कारण असा भिडू पहिल्या महिन्यात दिवसाला दहा पोस्ट टाकतो आणि मग परीक्षा नाहीतर घरचं कार्य निघालं की त्याचा पत्ताच नसतो. ज्यानं लिहिलं की मंगळवारी आणि शनिवारी रात्री जेवणानंतर नक्की, बाकी जमलं तर, आणि मार्चमध्ये इयर एंडिंगमुळे हात वर, तो माणूस मला हवा. टेक्स्टच्या गेममध्ये शिपाई दोन दिवस गप्प बसला तर कुणाला कळत पण नाही, पण कमांडर गप्प बसला की पंधरा-वीस जण ऑर्डरची वाट बघत बसतात, हळूहळू एकेक जण दुसऱ्या गेमला लागतो, आणि मग कितीही भारी कथा असली तरी सर्व्हर ओस. मी पाहिलेले बरेच गेम असेच मेले, एकही शत्रूच्या हल्ल्यानं नाही मेला.

म्हणून अर्जात स्वतःहून लिही की माझ्याकडून ४८ तासांत उत्तर आलं नाही तर अमुक अमुक डेप्युटीचा शब्द हाच माझा शब्द, आणि मी परत आल्यावर त्यानं केलेलं उलटवणार नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण परत येऊन ‘अरे हे कुणी ठरवलं’ म्हणणारे कमांडर पण बघितलेत.

गायब खेळाडूचा प्रसंग. यात लोक हमखास दोन टोकं गाठतात, एक तर त्याचं पात्र मारून टाकतात, नाहीतर स्वतःच त्याचं पात्र चालवायला घेतात, त्याच्या तोंडी वाक्यं घालतात. दोन्ही नको. आधी माणसाची चौकशी, पर्सनलवर एक साधा मेसेज, बाबा ठीक आहेस ना. मग पात्राला असं काम दे की तो तिथं आहे हे सगळ्यांना माहीत पण त्याच्यावाचून काही अडत नाही. मागच्या एअरलॉकवर पहारा, किंवा जखमींबरोबर खाली पाठवला, रेडिओ बंद पडला. परत आला की एका ओळीत परत लढाईत. आणि त्याचं सेक्शन तात्पुरतं कोण बघणार त्या खेळाडूचं नाव घेऊन सांग. ‘कुणीतरी बघा’ म्हटलं की कुणीच बघत नाही, हे काय फक्त गेममध्येच नाही म्हणा.

अजून एक. हुद्दा गेमच्या आत. ओओसी चॅनेलवर, म्हणजे जिथं पात्र सोडून आपण आपल्या नावानं गप्पा मारतो तिथं, तू कुणाचा साहेब नाहीस. आमच्याकडे एकाला कॅप्टन केला तर तो मीम्सच्या चॅनेलवर पण लोकांना ‘सर म्हणा’ म्हणायला लागला, त्याला काढायला मला जास्त त्रास झाला, निवडायला नव्हता झाला.

शूर कसा दिसेल विचारलंस ना, तर मी सीन वाचताना एवढंच बघतो की हा सीन संपल्यावर ग्रुपातल्या प्रत्येकाला आपली पुढची पोस्ट सुचेल का. सुचली तर घेतला.

कामठीवाली

माझे बाबा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, आमचं घर कामठीला, गार्ड्सचं सेंटर आहे तिथून जवळच. त्यामुळे हवालदार टू कॅप्टन वाल्या डाउटवर मी बोलते.

एकदम उडी शोभणार नाही. आपल्याकडे हवालदाराच्या वर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर असे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) असतात, आणि प्लॅटून बऱ्याचदा जेसीओच चालवतो. कंपनी म्हणजे साधारण १२० माणसं, ती मेजरकडे असते. जवानातून ऑफिसर होताच येत नाही असं नाही, एसीसी (आर्मी कॅडेट कॉलेज) म्हणून रस्ता आहे, सर्व्हिसमधला जवान परीक्षा देऊन डेहराडूनला जातो, तीन वर्षं तिथं, मग अजून एक वर्ष इंडियन मिलिटरी अकॅडमीत, तेव्हा कुठे खांद्यावर स्टार. म्हणजे तुझा लोखंडी आज हवालदार आणि सोमवारी कॅप्टन झाला तर फौजेच्या घरातला कोणीही वाचणारा हसेल.

पण तुला कॅप्टन व्हायची गरज काय? कमांडर गेलाय, पुढचं यान येईपर्यंत नवा ऑफिसर येऊच शकत नाही, मग जो सिनियर आहे तो सांभाळतो. हुद्दा तोच ठेव आणि जबाबदारी वरची घे. वस्तीतले खाणवाले त्याला कॅप्टनसाहेब म्हणतात आणि तो दरवेळी दुरुस्त करतो, हवालदार म्हणा. खाली एखादा तरुण लेफ्टनंट असेल तर अजूनच मजा, हुद्द्यानं मोठा पण अनुभवानं कोरा. तसा कुणी तुमच्यात आहे का माहीत नाही. असेल तर मात्र नियमानं कमांड त्याच्याकडे जाईल आणि तू त्याचा उजवा हात, हे आधी जीएमला विचारून घे.

बाबांना तुझा सीन वाचून दाखवला. ते म्हणाले, ह्याच्या पलटणीत रसद कोण बघतं? मी म्हटलं बाबा गेम आहे. तर म्हणे गेममध्ये जेवत नाहीत का. मग त्यांनी सांगितलं की ऑर्डर देताना आधी परिस्थिती सांगायची, मग काम काय ते, मग कसं करायचं, मग दारूगोळा-पाणी-जखमी, आणि शेवटी कोण कुणाशी कसा बोलणार. हवा नसलेल्या चंद्रावर तर ऑक्सिजन पहिला आला पाहिजे असं ते म्हणतायत, आणि आता ते चहा पिता पिता तुमच्या वस्तीचा नकाशा मागून राहिले 🙄

तर्री_मारके

काकांनाच कमांडर करा ना बे.

जुना_वॉरगेमर

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगावर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

तिसऱ्याचं उत्तर तुमच्या नियमातच आहे. ट्रॅव्हलर १९७७ चा गेम, आणि त्यात पहिल्यापासून असं की जंपमध्ये, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारताना, जहाज साधारण एक आठवडा घालवतं, आणि निरोप जहाजापेक्षा वेगानं जाऊ शकत नाही. रेडिओ प्रकाशाच्या वेगानं जातो, तो आपल्याच सूर्यमालेत पुरत नाही, ताऱ्यांमध्ये तर सोडूनच द्या. म्हणजे हेडक्वार्टर जे बोलतं ते कमीत कमी आठवड्यापूर्वीचं, आणि तुझं उत्तर पोचेपर्यंत अजून आठवडा. हा गेमचा दोष नाही, हाच गेम आहे, यामुळेच जागेवरच्या माणसाला डोकं चालवावं लागतं.

खऱ्या जगातलं उदाहरण पाहिजे तर मंगळयान घे. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत गेलं तेव्हा इथून निघालेला सिग्नल तिथं पोचायला सुमारे साडेबारा मिनिटं लागत होती. इंजिन वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ जळणार होतं आणि त्यातला काही वेळ यान मंगळाच्या मागेच, म्हणजे बोलणंच बंद. बंगळुरूहून बसल्या बसल्या आता चालू कर, आता बंद कर असं शक्यच नव्हतं. म्हणून इस्रोनं सगळ्या कमांड काही दिवस आधीच यानात भरून ठेवल्या, आणि एवढे महिने झोपलेलं मोठं इंजिन चालतं का हे दोन दिवस आधी चार सेकंद चालवून बघितलं. तू पण अर्जात हेच दाखव. उशिरा आलेला हुकूम मोडू की पाळू या घोळात पडू नको. त्या हुकुमामागं वरच्यांना काय पाहिजे होतं ते शोध. ‘जागा सोडू नका’ म्हणजे त्यांना जागा पाहिजे का? नाही, यान उतरायला पाहिजे. मग यान दुसरीकडे उतरवता येत असेल तर जागा सोड, आणि का सोडली ते लिहून निरोप पाठव. आणि खालच्यांना तू स्वतः ऑर्डर देशील तेव्हा हे आधीच सांगून ठेव, म्हणजे तुझा रेडिओ तुटला तरी ते अडणार नाहीत.

ऑर्डर नाकारणाऱ्याचं. आपल्या नागपूरचीच गोष्ट आहे, सीताबर्डीची लढाई, २६-२७ नोव्हेंबर १८१७. आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज मोठ्या टेकडीवर अडकली. खाली रेसिडेन्सीच्या आवारात कॅप्टन फिट्झजेराल्ड म्हणून घोडदळाचा अधिकारी, तो पुन्हा पुन्हा हल्ल्याची परवानगी मागत होता आणि वरून नाही म्हणत होते. शेवटी निरोप आला की करायचा तर तुझ्या जोखमीवर कर. त्यानं केला आणि लढाई फिरली. आपल्या बाजूनं बघितलं तर वाईटच झालं, भोसल्यांचं राज्य तिथूनच घसरणीला लागलं, पण कमांडर म्हणून बघ. त्याच्या साहेबानं परवानगी पण दिली नाही आणि थांबवलं पण नाही, जोखीम खालच्यावर ढकलली. जिंकला म्हणून नाव झालं. हरला असता तर? तुझ्या गेममध्ये सेक्शन कमांडर ऑर्डर नाकारेल तेव्हा तू असा साहेब होऊ नको. एक तर नीट नाही म्हण आणि का ते सांग, नाहीतर हो म्हण आणि फसलं तर माझं नाव असंही म्हण. किल्ला वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतात, २६ जानेवारीला जाऊन दोन टेकड्यांमधलं अंतर डोळ्यानं बघ, सीन लिहायला मदत होईल, आता मधून रस्ता आणि मेट्रो आहे तरी कळतं.

आणि जाता जाता, हे सगळे अर्ज-बिर्ज, पंच, लेखी ऑर्डर नवीन नाही. १८२४ मध्ये प्रशियात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटनं क्रीगस्पील म्हणून नकाशावरचा खेळ ऑफिसरांसाठी बनवला, त्यात खेळाडू पंचाला चिठ्ठीवर ऑर्डर लिहून देत आणि ती चिठ्ठी घोडेस्वार जेवढ्या वेळात पोचेल तेवढ्या वेळानंच पुढे सरकायची. तुमचा जीएम म्हणजे तोच पंच.

पडद्यामागचा_जीएम

वरच्यात एक भर. नाकारणारा कोण आहे ते आधी ओळख, पात्र की खेळाडू. पात्र नाकारतंय आणि खेळाडू मजेत आहे तर ते सोनं आहे, होऊ दे, चार पोस्ट भांडण रंगव. खेळाडूच वैतागलाय आणि पात्राच्या तोंडून बोलतोय तर सीन थांबव आणि पर्सनलवर बोल. फॉर्ममध्ये या दोन ओळी टाकल्या तरी मी खूश.

कामठीवाली

सर्व्हिस रेकॉर्डचं राहिलं. ट्रॅव्हलरमध्ये पात्र बनवतानाच चार-चार वर्षांच्या टर्म खेळाव्या लागतात ना, जुन्या नियमात तर सर्व्हायव्हलचा रोल चुकला की गेम सुरू व्हायच्या आधीच पात्र मेलं. मग लोखंडीचं रेकॉर्ड सगळीकडे ‘शौर्य पदक, शौर्य पदक’ असं नको. एखाद्या टर्ममध्ये प्रमोशन हुकलेलं दाखव आणि का हुकलं ते. हुकल्यावर तो काय शिकला ते नको लिहू, ते वाचणाऱ्याला कळू दे.

गोकुळपेठचा_गनर

आईशप्पथ, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. कामठीवाली ताई, काकांना नमस्कार सांगा, ऑक्सिजन वर घेतला. आमच्यात लेफ्टनंट कोणी नाही, म्हणून हवालदारच ठेवतो, ‘कार्यवाहक’ म्हणून. सीन नवा लिहिला, सांगा कसा वाटते:

“तिसरा गोळा पडला तो आवाजाने कळला नाही, गुडघ्यांना कळला. लोखंडीने गेज बघितला. ‘सगळ्यांनी ऐका. ऑक्सिजन पाच तास, यान साडेतीन तासांनी. तोफा तीन आहेत, त्या फोडायच्या नाहीत, त्यांना यानाकडे बघायला फुरसत मिळू द्यायची नाही, एवढंच आपलं काम. एक नंबर सेक्शन, तुम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर राहा, कसं ते तुम्ही ठरवा. दोन नंबर, बोगद्याची तोंडं दोन आहेत, माणसं एकापुरतीच आहेत, कुठलं धरायचं ते तिथं उभं राहून बघा, मी इथून सांगणार नाही. मेडिक, खाली तीन खाणवाले दबलेत, तुला दोन माणसं देतो, जास्त मागू नको. माझा रेडिओ गेला तर दोन नंबरचा शब्द तो माझा.’ दोन नंबरच्या बाजूने थोडा वेळ नुसती खरखर आली. मग: ‘हवालदारसाहेब, दोन्ही तोंडं सोडून तिसरीकडून गेलो तर?’”

इथंच सोडला, उत्तर नाही लिहिलं.

व्हॅक्यूम_पोलीस

हा! आता वाच बघ परत, गोळीसुद्धा चालवली नाहीस आणि तरी माणूस डोळ्यासमोर उभा राहिला. ऑक्सिजन पाच तास आणि यान साडेतीन तासांनी, हे गणित मस्त आहे, यान उशिरा आलं की तुमचा जीएम चावणार. एकच, ‘त्यांच्या डोळ्यांसमोर राहा’ म्हणजे एक नंबरवाला मरणार आहे हे त्याला कळतंय, तो विचारेल, त्याची तयारी ठेव.

डेल्टा_ताई

लोखंडी, अरे मीच ती दुसरी अर्जदार 😂 कॉलसाइन तरी बदलून टाकायचास.

माझं लिखाण भारी वगैरे ठीक आहे पण खरं सांगू का, माझी हॉस्पिटलची ड्यूटी असली की सलग दोन-दोन दिवस फोन हातात येत नाही, आणि वर जीएम दादांनी ते ४८ तासांचं लिहिलं ते वाचून मला घामच फुटला. मी अर्ज मागे घेणार नाही, घ्यायचा पण नाही, मला ती कमांडर खेळायचीच आहे, माझ्याकडे तिच्या सात टर्मचं रेकॉर्ड तयार आहे आणि तिच्या दोन टर्म फार वाईट गेल्यात. पण डेप्युटीच्या जागी मी आधीच तुझं कॉलसाइन लिहिलं होतं, परवाच, हे पान बघायच्या आधी. कारण मागच्या हल्ल्यात रोस्टर तूच सांभाळत होतास, कमांडर दादा झोपला होता तेव्हा. ते कुणी बोललं नाही पण सगळ्यांना माहीत आहे. मला सीन लिहिता येतो, कोण कुठं उभा आहे ते मला पाच मिनिटं पण लक्षात राहत नाही.

आणि तुझ्या नव्या सीनमधल्या दोन नंबरच्या प्रश्नाचं उत्तर माझी कमांडर ‘नाही’ असं देईल. ओपनमध्ये जाणं म्हणजे आत्महत्या आहे.

गोकुळपेठचा_गनर

तू?? मंग तर मी गेलोच बाप्पा.

बरं पण असं होते का, दोघांनी अर्ज द्यायचा अन् एकमेकाचं नाव डेप्युटीत लिहायचं? जीएमला सेटिंग वाटन का? अन् दोन नंबरनं तिसरीकडून जायला काय हरकत आहे, तिकडं सावली आहे, थर्मलवर कमी दिसतात.

पडद्यामागचा_जीएम

सेटिंग कसली, मला तर असे दोन अर्ज आले तर मी त्या दिवशी लवकर झोपीन. फक्त एकमेकांचं वाचून उत्तरं सारखी करू नका, तुमच्यात हा बोगद्यावरून वाद आहे तो अर्जात पण दिसू द्या. ज्याला पोस्ट मिळणार नाही त्याला पहिल्याच लढाईत वाद घालायला तयार मुद्दा मिळाला.

डेल्टा_ताई

उन्हात सूट थंड असतो म्हणून तर आजूबाजूच्या गरम दगडांपुढे वेगळा दिसतो की. आणि सूट आतली उष्णता बाहेर टाकतो, हवा नाही म्हणजे ती फक्त किरणांनीच जाते, थंड सावलीत तर तो दिव्यासारखा दिसेल. दोन्हीकडून मेलात.

व्हॅक्यूम_पोलीस

यात ताई बरोबर.

गोकुळपेठचा_गनर

मंग सावली-उन्हाच्या कडेनं जाऊ, तिथं दोन्ही मिसळतात, सेन्सरवाल्याला निवडायला वेळ लागन. हे मी दोन नंबरला बोलू देतो, माझ्या तोंडून नाही.

ताई, रोस्टरची शीट बनवून ठेवली, नाव, सेक्शन, शेवटची पोस्ट कधी, अन् परीक्षा-ड्यूटी कधी असे रकाने आहेत. तुला एडिट ॲक्सेस दिला, तुझी या महिन्याची ड्यूटी त्यात टाकून दे, जीएमला आपल्या दोघांच्या अर्जासोबत तीच लिंक देऊ.

तर्री_मारके

शीटमध्ये माझं पण नाव टाका, शिपाई म्हणून. एक नंबर सेक्शनमध्ये नोको पण.